नेट घ्यायचंय का द्यायचंय?

ब्रॉडबँड म्हणजे काय, याची सरकारी व्याख्या कधी वाचली आहेत का? नसेल वाचली तर काही बिघडलं नाही, पण शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचायला मजेशीर आहे. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात सरकारनं ठरवलं, की कायम चालू असलेली आणि किमान २५६ केबीपीएस डाउनलोड वेग देणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड. पुढे तो आकडा ५१२ झाला, आणि जानेवारी २०२३मध्ये २ एमबीपीएस. आकडा वाढला, शब्द तोच राहिला. डाउनलोड! तुमच्या घरातून बाहेर जाणारा वेग किती असावा, याबद्दल व्याख्या गप्प. बाहेर जाताना गोगलगाय असली तरी सरकारदरबारी तुम्ही ब्रॉडबँडवालेच.

गेले काही महिने ही व्याख्या माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे. कारण इंटरनेटवरच्या स्वातंत्र्याची चर्चा निघाली की आपण बंदीवर बोलतो. अमुक साईट बंद केली, तमुक पान काढायला लावलं, वगैरे. ते महत्त्वाचं आहेच. पण माझं म्हणणं असं आहे, की बंदीच्या कितीतरी आधी एक गोष्ट आपल्या हातून काढून घेतली गेली आहे आणि तिच्याबद्दल कुणी हूं की चूं करत नाही. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या मशीनवरून, स्वतःच्या जोडणीवरून काही जगासमोर मांडण्याची सोय. ती गेली, म्हणून बंदी इतकी सोपी झाली.

जरा मागे जाऊ. जुलै २००६. मी तेव्हा पुण्यात पहिल्या नोकरीत होतो आणि मराठी ब्लॉगांचा सुगीचा काळ नुकताच सुरू होत होता. युनिकोडमध्ये मराठी टंकता येतंय याचंच एवढं अप्रूप होतं, की लोक काहीही लिहायचे आणि आम्ही काहीही वाचायचो. जवळजवळ सगळे ब्लॉगस्पॉटवर. फुकट, सोपं, आणि सगळे तिथेच. ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये सात बॉम्बस्फोट झाले. दोन दिवसांनी, १३ तारखेला, दूरसंचार खात्यानं इंटरनेट कंपन्यांना पत्र पाठवलं, की ही पानं अडवा. यादीत पुरते वीससुद्धा पत्ते नव्हते. त्यातले काही ब्लॉगस्पॉटवरचे, काही टाइपपॅडवरचे, काही जिओसिटीजवरचे.

कंपन्यांनी काय केलं? पानं अडवण्याऐवजी अख्खं ब्लॉगस्पॉटच अडवलं. वाड्यात एक भाडेकरू नको झाला म्हणून वाड्याच्या दिंडीदरवाज्यालाच कुलूप! काहींना एकेक पान वेगळं अडवण्याची यंत्रणा नव्हती हे खरं असेल, काहींना तेवढा त्रास घ्यायचा नव्हता हा माझा आपला अंदाज. सगळ्यात विचित्र प्रकार असा, की आपण लिहायचो ते ब्लॉगर डॉट कॉम चालू होतं आणि लिहिलेलं दिसायचं ते ब्लॉगस्पॉट डॉट कॉम बंद. म्हणजे लॉगिन करा, लेख लिहा, 'प्रकाशित करा' दाबा, सगळं व्यवस्थित. फक्त स्वतःचाच ब्लॉग उघडायचा नाही. हापिसातल्या एकानं यावर उपाय शोधून आणला. 'पीके ब्लॉग्ज' नावाची एक साईट होती. त्याच वर्षी पाकिस्तानात ब्लॉगस्पॉट बंद झालं होतं, म्हणून तिथल्या लोकांसाठी ती उघडली गेली होती. तर मुंबईतल्या स्फोटांनंतर पुण्यातला मराठी माणूस मराठी ब्लॉग वाचत होता, तो पाकिस्तानी वाचकांसाठी काढलेल्या चोरवाटेनं. यावर वेगळी टिप्पणी नको.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. 'मुंबई हेल्प' नावाचा एक ब्लॉग होता. २००५च्या जुलैतल्या पावसात तो उपयोगी पडला होता आणि स्फोटांनंतरही लोक तिथे चौकशा करत होते, मदत देत होते. तोही ब्लॉगस्पॉटवरच. म्हणजे दहशतवाद्यांच्या नावानं लावलेलं कुलूप स्फोटाच्या जखमींना मदत करणाऱ्यांच्या दारावरही बसलं. खूप आरडाओरडा झाल्यावर खात्यानं खुलासा केला, की आम्ही फक्त यादीतली पानं अडवायला सांगितली होती, आणि आठवडा-दहा दिवसांत गाडी रुळावर आली.

ही काही एकुलती एक गोष्ट नाही. २००३मध्ये मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेचा याहू ग्रुप अडवायचा होता, सभासद मूठभर, आणि देशभरचे सगळे याहू ग्रुप बंद पडले. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून मुंबईच्या न्यायालयाचा आदेश निघाला आणि डिसेंबर २०१४मध्ये ३२ साईटी अडवल्या गेल्या, त्यात गिटहब, पेस्टबिन, व्हिमिओ आणि इंटरनेट अर्काइव्ह! आमच्या क्षेत्रातल्या लोकांना गिटहब नाही म्हणजे काय, हे सांगायला नको. सुताराची करवत काढून घेतल्यासारखं. ऑगस्ट २०१७मध्ये इंटरनेट अर्काइव्ह पुन्हा अडकलं, या वेळी सिनेमाच्या चोरट्या प्रतींविरुद्धच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशात, अडीच हजारांवर साईटींच्या यादीत. यादी कुणी तपासली होती का, असा प्रश्न विचारायचा नसतो. २००९च्या नियमांनुसार सरकारी बंदीचे आदेश आणि तक्रारी गोपनीयच ठेवायच्या असतात.

प्रत्येक वेळी आपण सरकारला, कंपनीला, न्यायालयाला नावं ठेवतो. ठेवावीतच. पण एक साधा प्रश्न राहून जातो. एका कुलपात एवढी माणसं अडकतात कशी? कारण सगळे एकाच वाड्यात राहतात. आणि सगळे एकाच वाड्यात राहतात, कारण आपल्या स्वतःच्या जागेवर घर बांधायची सोयच ठेवलेली नाही.

आता मानवतकडे वळतो. मानवत माझं आजोळ. परभणी-पाथरी रस्त्यावरचं, कापसाच्या बाजारासाठी मराठवाड्यात नावाजलेलं. (अवांतर: मानवत रोड नावाचं रेल्वे स्टेशन आहे, ते गावात नाही, काही किलोमीटर लांब आहे. गावापर्यंत रूळ आलेच नाहीत, नाव तेवढं आलं. आमच्याकडे 'लास्ट माईल'चा प्रश्न निजामाच्या काळापासूनचा आहे. ह. घ्या.) आता हे नाव इंटरनेटवर शोधून बघा. मला काय मिळतं ते सांगतो. खून. १९७०च्या दशकातलं ते भयंकर हत्याकांड, त्यावरचे लेख, व्हिडिओ, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये सोनी लिव्हवर आलेली 'मानवत मर्डर्स' ही मालिका. मालिका चांगली की वाईट हा माझा मुद्दा नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणाबद्दल लिहायचा सगळ्यांना हक्क आहे. मुद्दा असा, की गावाबद्दल जालावर जे आहे ते जवळपास सगळं बाहेरच्यांनी ठेवलेलं आहे. गावानं स्वतःबद्दल ठेवलेलं कुठे आहे?

आहे ना, वह्यांमध्ये आहे. माझ्या मामेभावाचं तिथे कृषी सेवा केंद्र आहे. मामांच्या काळापासून दुकानात एक वही असते. कापसाच्या हंगामात रोज संध्याकाळी त्यात एक ओळ पडते. तारीख, कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव, आवक कशी होती, माल ओला होता का, पाऊस आला का. हर्राशीला उशीर का झाला, असे शेरेसुद्धा. पणन मंडळाच्या साईटवर रोजचे भाव मिळतात हे मला माहीत आहे. पण 'आज माल ओला, व्यापारी रुसले' हे तिथे मिळत नाही. मामेभाऊ आजचा भाव व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकतो, लोक अंगठा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी तो मेसेज 'शुभ सकाळ'च्या गुलाबांखाली गाडला जातो. गेल्या वर्षी याच आठवड्यात काय होतं, असं कुणी विचारलं की पुन्हा वही काढायची.

मागच्या दिवाळीत मी त्याला म्हटलं, "आपण हे सगळं नेटवर ठेवू. माझा जुना लॅपटॉप दुकानात ठेवतो, तोच सर्व्हर. महिन्याचा खर्च फक्त लाईटबिल." त्याच्याकडे फायबर आलं आहे. गावातल्या केबलवाल्यानं एका मोठ्या कंपनीचं आणलेलं (कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, सगळ्यांची जातकुळी एकच). मी उत्साहानं लिनक्स टाकलं, पान बनवलं, दुकानात मस्त दिसलं. मग बाहेरून उघडायला गेलो. नाही. राउटरमध्ये डोकावलो तर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४नं सुरू होणारा. जाणकारांच्या लक्षात आलं असेल. बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११मध्ये त्यांचा जागतिक साठा संपला, एप्रिलमध्ये आशियाच्या वाट्याचाही जवळजवळ संपला. मग कंपन्यांनी युक्ती काढली. खरा पत्ता एकच, त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं, आणि गिऱ्हाइकांना आपापसातले खोटे पत्ते. त्यासाठी २०१२मध्ये १००.६४पासूनचा एक पट्टाच राखून ठेवला गेला. आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एक रुपयाचा कॉइन बॉक्स होता, तसा हा प्रकार. तीनशे पोरं, फोन एक. तुम्ही नाणं टाकून बाहेर फोन लावू शकता. पण घरून आईला फोन करायचा असेल तर? नंबर लागेलही, उचलणारा कोण आणि तो कुणाला हाक मारणार? तुमच्या घरच्या नेटचं आज हेच आहे. तुम्ही जगाला हाक मारू शकता. जग तुम्हाला हाक मारू शकत नाही.

ब्रॉडबँड नवीन होतं तेव्हा असं नव्हतं. २५६ केबीपीएसची रडतखडत चालणारी जोडणी, पण तिला बहुधा खरा पत्ता असायचा. बदलता असायचा, पण खरा. एक फुकटची नाव-सेवा लावली की घरच्या डेस्कटॉपवरचं पान मित्राला दाखवता यायचं. वेग तेव्हापासून शेकडो पटींनी वाढला आणि दार बंद झालं.

गावातल्या केबलवाल्याकडे गेलो. पोरगा हुशार होता, माझं पाच मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हाला नेट घ्यायचंय का द्यायचंय?" म्हटलं, द्यायचंय. "मग आपल्याकडं नाही. हेड हापिसला इचारा." हेड हापिसच्या फोनवरच्या बाईंनी सांगितलं, की खरा आणि कायमचा पत्ता फक्त व्यावसायिक प्लॅनवर मिळतो, आणि तो आपल्या भागात अजून नाही. आणि घरगुती प्लॅनच्या अटींमध्ये सर्व्हर चालवायला मनाई आहे. मी अटी काढून वाचल्या. होती, बारीक अक्षरात. दुकानाचं पान म्हणजे सर्व्हर, मग गेम खेळणाऱ्या पोरांचं काय, घरचा कॅमेरा फोनवर बघणाऱ्यांचं काय? तिथे मनाई लागू होत नाही, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरमार्फत जातं. मनाई फक्त स्वतःच्या पायावर उभं राहायला.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगतो. व्हायरस लागलेली घरची मशीनं लाखांनी स्पॅम पाठवायची, म्हणून मेलचं २५ नंबरचं पोर्ट घरगुती जोडणीवर बंद ठेवणं मला पटतं. पत्त्यांची टंचाई खरी होती. पण चोर येतात म्हणून सगळ्या घरांची दारं विटांनी बुजवायची आणि ज्याला दार हवं त्यानं व्यावसायिक दरानं पैसे भरावेत, हे सुरक्षेचं नाही, दुकानदारीचं गणित आहे.

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, आणि आमच्या हापिसात तर सगळेच म्हणाले, "अरे, क्लाउडवर टाक ना. चार-पाचशे रुपये महिना." बरोबर आहे. मी रोज क्लाउडवरच पोट भरतो. पण हा सल्ला आपल्यासाठी ठीक आहे. आपलं क्रेडिट कार्ड कुणीतरी आपोआप वजा करतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. दुकानदाराचं कार्ड एक महिना नाकारलं गेलं की तीस वर्षांच्या ओळी पुसल्या जाणार. आणि फुकटचा वाडा घ्यावा, तर मालकाच्या मनात येईल तेव्हा वाडा पाडला जातो. जिओसिटीज २००९मध्ये गेलं. ऑर्कुट २०१४मध्ये. याहू ग्रुप २०२०मध्ये. तिथली मराठी पानं, गट, भांडणं, पाककृती, कुणाकुणाचे पहिले लेख, किती गेले याची मोजदादही नाही. याउलट मायबोली बघा. परदेशातल्या मराठी मंडळींनी १९९६मध्ये स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता घेऊन सुरू केलेली साईट आजही उभी आहे.

इथे मला एक गणेश आठवतो. डिसेंबर २०१५. फेसबुकनं 'फ्री बेसिक्स' आणलं होतं, ठरावीक साईटी फुकट, बाकी पैसे टाकून. त्याविरुद्ध देशभर ओरड चालू होती. तेव्हा मार्क झकरबर्गनं 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. गणेशला फ्री बेसिक्सवर हवामान कळलं, बाजारभाव कळले, त्याची भरभराट झाली. ८ फेब्रुवारी २०१६ला 'ट्राय'नं असे भेदभावाचे दर बंद केले आणि आपण जिंकलो. तेव्हा मीही भरपूर ईमेल पाठवल्या होत्या आणि अजून मला त्याचा आनंद आहे. पण आज तो लेख आठवला की वेगळीच गोष्ट टोचते. झकरबर्गच्या गोष्टीत गणेश फक्त बघतो. हवामान बघतो, भाव बघतो. आणि आमच्या बाजूच्या सगळ्या युक्तिवादांतही गणेश फक्त बघतच होता, एवढंच की त्याला सगळं बघता यावं असं आमचं म्हणणं होतं. गणेशच्या गावातला भाव जगाला गणेशनं सांगावा, हे दोन्ही बाजूंपैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. वही गणेशकडे आहे हो!

२०१८मध्ये सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीचे नियम मान्य केले. चांगले आहेत. पण त्यांचा रोख कंपनीनं मजकुरात भेदभाव करू नये यावर आहे. युरोपीय संघाचा २०१५चा नियम एक पाऊल पुढे जातो. ग्राहकाला माहिती मिळवण्याचा आणि पसरवण्याचा, सेवा वापरण्याचा आणि पुरवण्याचा हक्क आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. दोनच जास्तीची क्रियापदं, पण त्यांच्यामुळे ग्राहकाला भांडायला जागा मिळते. आपल्याकडे 'ट्राय'नं ती दोन क्रियापदं घालावीत, व्याख्येत अपलोडचा आकडा घालावा, आणि कंपन्यांनी प्लॅन विकताना जोडणीला खरा पत्ता आहे की नाही ते वेगाइतक्याच मोठ्या अक्षरात छापावं. मागणी एवढीच आहे आणि यात तंत्रज्ञानाची अडचण राहिलेली नाही. नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही६चे पत्ते अक्षरशः अमाप आहेत. आणि ते वापरण्यात भारत जगात अगदी पुढच्या रांगेत आहे. तुमच्या फोनला बहुधा आत्ता असा पत्ता आहे. मामेभावाच्या दुकानालाही आहे, मी पाहिला. टंचाईचं कारण संपलं. तरीही बाहेरून येणारी हाक कंपनीच्या भिंतीवर आपटून परत जाते, कारण भिंत पाडायला कुणी सांगितलेलं नाही, आणि गिऱ्हाईक तर मागतच नाही.

सध्या आम्ही जुगाड केला आहे. दुकानातला लॅपटॉप स्वतःहून एका परदेशी कंपनीच्या यंत्रणेला हाक मारतो, ती वाट उघडी धरून ठेवतो, आणि ज्याला पान बघायचंय तो त्या कंपनीच्या दारातून आत येतो. फुकट आहे. म्हणजे ज्या दिवशी ती कंपनी नको म्हणेल, किंवा तिच्या पत्त्यावर बसलेल्या दुसऱ्या कुणासाठी निघालेल्या आदेशात आमचाही नंबर लागेल, त्या दिवशी मानवतचा कापूस पुन्हा वहीत. मामेभावाला हे सगळं समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे दादा, आपला भाव बघायला मोंढ्यातला माणूस आधी परदेशात जाऊन येतो?" जवळपास तसंच आहे म्हटलं. त्यानं मान हलवली आणि वहीत त्या दिवसाची ओळ लिहायला घेतली. आत्तापर्यंत चार हंगाम टंकून झाले आहेत. उरलेल्या वह्या मी पुण्याला घेऊन आलो आहे. टंकायला कुणी मदत करणार असेल तर सांगा, मामांचं अक्षर मोत्यासारखं आहे.